शेगडी बाहेर गेली तो हिवाळा

परवा सकाळी आईने एसी बंद केला. वर्षातून एकदाच होणारी ही गोष्ट आमच्याकडे कुणी जाहीर करत नाही. ती जिना उतरते, भिंतीवरचं बटण दाबते आणि स्वयंपाकघरात जाते. एप्रिलपासून अखंड चालू असलेला एक आवाज थांबतो, आणि इतके महिने आपण तो ऐकत होतो हे थांबल्यावरच कळतं. मग एकेक आवाज घरात येऊ लागतो. शेजारच्यांचा कुकर, मागच्या गल्लीत भांडणाऱ्या साळुंक्या, शाळेच्या बसचं दार. दुबईत हिवाळा थंडीने सुरू होत नाही, आवाजांनी होतो.

पाठोपाठ कोळशाचा वास येतो. पेट्रोल पंपांवर सरपणाच्या आणि कोळशाच्या पिशव्यांची रास लागते. शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांच्या डिक्क्या उघड्या असतात आणि त्यांत खुर्च्या, जाळ्या, मसाला लावलेल्या कोंबडीचे डबे असतात. सगळे वाळवंटाकडे निघालेले असतात, आग पेटवून तिच्याभोवती बसायला. उन्हाळ्यात ज्या गावात पन्नास पावलंही उन्हात चालवत नाहीत, त्या गावाला हिवाळ्यात आगीची ओढ लागते, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

याच दिवसांत आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो मेसेज येतो. घरात कोळसा पेटवू नका. तंबूत नको, गॅरेजमध्ये नको, शोभेची फायरप्लेस असेल तर तिच्यातही नको. इंग्रजीत, अरबीत, हिंदीत. बहुतेक लोक त्याच्याखाली एक अंगठा टाकून मोकळे होतात. आई मात्र तो शेवटपर्यंत वाचते, मोठ्याने वाचते, आणि मग तिच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर पाठवते. यंदा तिने खाली स्वतःची एक ओळ जोडली होती : ‘नीट वाचा. नुसते अंगठे दाखवू नका.’

मला आईचा फार अभिमान वाटतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही, आणि माझा तर एकूण बोलण्याशीच संबंध कमी. शाळेत टीचर रिपोर्ट कार्डवर दरवर्षी तोच शब्द लिहायच्या, क्वाएट. आई त्याचा अर्थ बाबांना सांगायची, ‘शहाणी आहे म्हणतात.’

शेगडी बाहेर गेली तो हिवाळा काही वर्षांपूर्वीचा, आमच्या स्वतःच्या घरातला पहिला. त्याआधी सगळी वर्षं भाड्याची, आधी दुबईच्या करामा भागात, मग डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. भाड्याच्या घराला एक अदृश्य कुंपण असतं. भिंतीला खिळा मारायचा नाही, कारण डिपॉझिट. आमचं कालनिर्णयाच्या आकाराचं कॅलेंडर फ्रिजवर मॅग्नेटने चिकटलेलं असायचं, देव पुस्तकांच्या कप्प्यात बसलेले, आणि घड्याळ दुहेरी टेपवर लटकत वर्षातून दोनदा तरी पडायचं. नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी बाबांनी गाडीतून सगळ्यात आधी हातोडा काढला. हॉलच्या मोकळ्या भिंतीवर त्यांनी एक खिळा मारला. काय लावायचं ते ठरलेलं नव्हतं. नुसता मारला, आणि दोन पावलं मागे येऊन बघत राहिले.

‘आता कोण विचारतंय बघू,’ म्हणाले.

बाबा रुवैसला रिफायनरीत, स्टोअर्स खात्यात आहेत. आठवडाभर तिकडे राहायचं आणि सुट्टीच्या आदल्या रात्री घरी यायचं, हे माझ्या आठवणीपासून असंच चाललंय. त्या वर्षी मात्र त्यांचे शनिवार-रविवार बदलले. ते घरमालक झाले होते. नळाचे वॉशर, गीझरचा व्हॉल्व्ह, दाराच्या बिजागऱ्या, एसीच्या जाळ्या, कशाला म्हणून त्यांनी मेंटेनन्सवाल्याचा हात लागू दिला नाही. आणि त्यांचं खरं प्रेम जडलं ते फटी भरायच्या सिलिकॉनच्या बंदुकीवर. इथे वाऱ्याबरोबर पिठासारखी बारीक वाळू येते आणि बंद खिडकीच्या कट्ट्यावरही सकाळी तिचा थर असतो. बाबांनी त्या वाळूशी युद्ध पुकारलं. खिडक्यांच्या चौकटी भरल्या. दारांखाली ब्रशच्या पट्ट्या लावल्या. बाथरूमच्या एक्झॉस्टमधून झुरळं येतात म्हणून त्याच्या जाळीवर चंदेरी टेप चिकटवली. काम झालं की ते मला हाक मारायचे आणि खिडकीच्या कडेला पेटती उदबत्ती धरायचे.

‘बघ. धूर हलतोय?’

‘नाही.’

‘सरळ वर जातोय की नाही? पाणबुडी आहे आपलं घर, पाणबुडी!’

धूर खरंच हलत नव्हता. आम्ही हसलो. त्या घरात वाळूचा कण येत नव्हता, आणि त्याचा आम्हा सगळ्यांनाच गर्व होता.

ताईची मुलगी डिसेंबरात झाली. जिजूंची नोकरी समुद्रातल्या तेलविहिरीवर, त्यामुळे ताई बाळाला घेऊन आमच्याकडे आली. आईने सुट्टी टाकली होती. तिची तयारी मी कित्येक आठवडे बघत होते. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, वावडिंग, वेखंड. करामातल्या दुकानातून आणलेल्या पुड्यांवर ती मार्करने नावं लिहायची. माझ्या जन्माच्या वेळी तिच्याजवळ कुणी नव्हतं. आजीचा व्हिसा वेळेवर झाला नाही, बाबा रुवैसला. करामातल्या दोन खोल्यांत ती, चार वर्षांची ताई आणि मी. शेजारच्या बाई डाळ-भात आणून द्यायच्या, तेवढंच. हे ती रडून सांगत नाही. भाजी चिरता चिरता सांगते आणि शेवटी म्हणते, ‘मला कुणी शेक दिला नाही. माझ्या लेकीला मी देणार.’

तर शेक. आमच्या ऑफिसच्या एका व्हिडिओ कॉलवर सहकारी मुलीने विचारलं, बहीण कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे, आत्ता शेक घेतेय. ती दचकून म्हणाली, ‘कोणते शेख?’ ताईला हे सांगितलं तेव्हा ती टाके दुखेपर्यंत हसली.

बाज इथे कुठून मिळणार? आईने कॅम्पिंगच्या दुकानातून पट्ट्यांची घडीची खाट आणली, लोक वाळवंटात नेतात ती. शेगडी म्हणून धूप जाळायचं एक मोठं अरबी भांडं घेतलं. पंपावरचा कोळसा मागच्या अंगणात पेटवायचा, तो लाल झाला की भांड्यात घालून वर खोलीत आणायचा आणि खाटेखाली ठेवायचा. वर ओवा टाकायचा. ओवा तडतडायचा आणि खोलीभर तो कडसर, गरम वास पसरायचा. ताईचे कान स्कार्फने बांधलेले, कानांत कापूस. बाळ तेल लावून, न्हाऊन, पांढऱ्या दुपट्यात. दार बंद, दाराखाली ब्रशची पट्टी, आणि तिच्यावर आईने आतून लावलेला टॉवेल. ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये.

मी घरून काम करायचे. लॅपटॉप घेऊन त्या खोलीच्या कोपऱ्यात बसायचे, कारण मला ते सगळं आवडत होतं. निखाऱ्यांचा उजेड खाटेच्या पट्ट्यांतून वर यायचा आणि ताईच्या गाऊनवर त्याच्या रेघा उमटायच्या. आईचे हात सतत कशात तरी असायचे आणि चेहरा मात्र निवांत. माझ्या शाळेत ‘हेरिटेज डे’ असायचा, त्या दिवशी आम्ही सगळ्या मुली नऊवारी नेसून स्टॉलवर बसायचो आणि कागदी बशांतून चकल्या वाटायचो. ही खोली तसली नव्हती. इथे कुणाला दाखवायला काही चाललेलं नव्हतं. मला पहिल्यांदाच वाटलं की आपलंही काहीतरी आहे आणि ते आत्ता, इथे, जिवंत आहे.

ताईचं डोकं दुखायचं. ‘झोप नाही ना,’ आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. बाळ खूप झोपायचं. ‘शेकाने कशी शांत झोपते बघ,’ आई म्हणायची. माझंही डोकं जड व्हायचं, पण ते मी लॅपटॉपच्या माथी मारलं होतं. मग एक दिवस आई भाजी-किराणा आणायला गेली, यायला उशीर झाला आणि शेक राहिला. त्या दिवशी ताईचं डोकं दुखलं नाही. ती दुपारभर बडबडत होती, बाळ दुधासाठी भोकाड पसरत होतं. कमी बोलणाऱ्या माणसाला दुसरं करायला काही नसतं म्हणून तो बघत बसतो. मी ते बघून ठेवलं.

बाबांच्या कामाच्या शर्टाच्या खिशाला एक छोटं पिवळं यंत्र असतं. लहानपणी मला ते पेजर वाटायचं. बाबा सांगायचे, रिफायनरीत काही गॅस असे असतात की नाकाला कळतच नाहीत. हे वाजलं की विचार करत बसायचं नाही, बाहेर चालू लागायचं. त्या संध्याकाळी मी फोनवर बराच वेळ वाचत बसले. कोळसा. बंद खोली. डोकेदुखी. मळमळ. झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग संपवून मी वर गेले तेव्हा शेक सुरू झालेला होता. ताई डोळे मिटून पडली होती. ‘मळमळतंय गं,’ म्हणाली. आई ओव्याची वाटी घेऊन खाली वाकली होती.

‘आई, शेगडी बाहेर ने.’

‘काय?’

‘बाहेर ने. आणि खिडकी उघडूया.’

‘वेडी आहेस का? वारा लागेल तिला.’

‘लागू दे. कोळशाचा गॅस होतो, आई. त्याला वास नसतो.’

‘वास नसतो काय! एवढा घमघमाट सुटलाय खोलीत.’

‘तो ओव्याचा. मी म्हणतेय त्याला नसतोच. म्हणून तर कळत नाही.’

‘आमच्याकडे सगळ्या बायकांनी घेतलाय शेक. कुणाला काही झालं नाही.’

‘त्यांची घरं कौलांची होती. त्यांच्याकडे बाबा नव्हते.’

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या जोरात निघालं की मीच दचकले. ताईने डोळे न उघडता हात वर केला. ‘आई, शी नेव्हर टॉक्स. आज बोलतेय ना? मग प्लीज ऐक तिचं.’

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने ओढणीने ते भांडं दोन्ही बाजूंनी धरलं आणि जिना उतरून अंगणात नेऊन ठेवलं. मी खिडकी उघडायला गेले. ती उघडेना. बाबांनी फट भरता भरता ती कायमची बंद केली होती. मग मी बाळाला उचललं, आईने ताईला धरलं, आणि आम्ही चौघी मागच्या अंगणात येऊन उन्हात बसलो. वारा होता. ताईचा स्कार्फ उडत होता. थोड्या वेळाने बाळाने तोंड उघडलं आणि असं काही रडायला लागलं की भिंतीपलीकडच्या बाई डोकावून गेल्या. त्या रडण्याइतका सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टर इजिप्तच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. दोघींचं रक्त तपासलं. तो गॅस दोघींच्या रक्तात होता. फार नव्हता. ताईच्या तोंडावर मास्क बसला, बाळासाठी अगदी छोटा मास्क, तो मला तिच्या चेहऱ्याशी हाताने धरून बसावं लागलं. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, खोलीत कोळसा कुणी ठेवला होता?

ताई मास्कमधून काहीतरी म्हणू लागली, ‘वी हॅड...’ तिला तो दोष सगळ्यांमध्ये वाटून टाकायचा होता. मीही तोंड उघडलं होतं.

‘मी,’ आई मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत म्हणाली, ‘आय पुट. आय ॲम द मदर.’

ती उभी होती. पर्स छातीशी, ओढणीला राखेचा डाग. मान खाली नव्हती. माझ्या ओळखीत खूप शिकलेली, मोठ्या पदांवरची माणसं आहेत, चूक झाली की ती ‘इट वॉज डिसायडेड’ अशी वाक्यं लिहितात. आईने कर्ता लपवला नाही. अभिमान म्हणजे नक्की काय वाटतं, हे मला त्या क्षणी अंगातून कळलं.

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘दर हिवाळ्यात, हबीबती. आमच्याकडच्या आयासुद्धा हेच करतात, बाळाला थंडी लागेल म्हणून. तुम्ही वेळेत आलात. आता कळलं ना? खलास, झालं तर मग.’

परतताना गाडी मी चालवत होते. आई मागे, बाळ सीटमध्ये, तिचा हात बाळाच्या पोटावर. सिग्नल सुटल्यावर ती म्हणाली, ‘शेक तर देणारच मी.’

माझा पाय ब्रेकवर गेला.

‘पण कोळसा नाही,’ ती म्हणाली. ‘तव्यावर देईन.’

आणि त्याच दुपारी तिने सगळा प्रकार नव्याने मांडला. ओवा तव्यावर गरम करून जुन्या सुती साडीच्या पुरचुंडीत बांधायचा. पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग ताईच्या पाठीला. पायांशी गरम पाण्याची पिशवी. खिडकीऐवजी दार उघडं, आणि वारा थेट येऊ नये म्हणून मधे कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर चादर. धुरी बाळाला द्यायचीच नाही. शेकडो वर्षं बायकांनी जे केलं असेल त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आईने दोन सिग्नलांच्या मधे ठरवलं होतं. तिने कुणाला विचारलं नाही, आणि त्याचं दुःखही करत बसली नाही. ताई त्या पुरचुंडीखाली पालथी पडून म्हणायची, ‘आई, इथे. अजून थोडं डावीकडे. यल्ला, चल लवकर.’

बाबा शुक्रवारी आले. आम्ही सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत. वर जाऊन त्या खिडकीसमोर उभे राहिले. ‘माझ्या खिशाला मशीन आहे,’ म्हणाले, ‘आणि घराला नव्हतं.’ मग कटर घेऊन त्यांनी स्वतःच घातलेली ती सुबक पांढरी रेघ कापायला घेतली. लांबच लांब रबरासारखी ती निघत होती आणि ते ती हातावर गुंडाळत होते. ‘काय फिनिशिंग आलं होतं पण,’ असं एकदाच म्हणाले. दुसऱ्या दिवशी एक्झॉस्टची टेप निघाली. छोटे गोल अलार्म आले, एक वर, एक खाली, स्क्रू मारून पक्के. बटण दाबून वाजवून बघितले तेव्हा बाळ दचकलं आणि आईने बाबांना ‘अहो, पुरे!’ म्हणून झापलं. दर महिन्याला बाबा ते अजूनही वाजवून बघतात, आणि दर हिवाळ्याआधी बॅटरी बदलतात.

आता आमच्या घरात वाळू येते. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी पिठासारखा थर असतो. पाहुण्यांनी त्यावर बोट फिरवलं की बाबा म्हणतात, ‘येऊ दे, घर श्वास घेतंय.’ हेही ते पूर्वीच्याच गर्वाने म्हणतात.

हिवाळा आला की आईला आता बोलावणी येतात. मराठी घरांत कुणाकडे बाळ झालं की ‘काकू, एकदा येऊन दाखवा ना’ असा फोन येतो. ती जाते, तव्यावरचा शेक दाखवते, आणि त्याआधी घरभर फिरून कुठली खिडकी उघडते, कुठली नाही ते बघते. गाडी चालवायला मी.

गेल्या रविवारी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये गेलो. पुण्याचं जोडपं, मुलगा पंधरवड्याचा. मुलाची आजी सांगलीहून आलेली, सुनेवर जीव टाकणारी, कडक. तिने सामानातून साड्यांत गुंडाळून एक छोटी लोखंडी शेगडी आणली होती. टीपॉयवर ती मांडून ठेवली होती, बक्षिसासारखी.

‘तुम्ही म्हणे शेगडी नको म्हणता,’ आजी म्हणाल्या. चहा अजून यायचा होता.

‘मी कोण नको म्हणणारी?’ आई म्हणाली. ‘मीही दिला ना शेगडीचा शेक. माझ्या लेकीला आणि नातीला त्या शेकापायी मी दवाखान्यात नेलं.’

सून आतल्या दारात येऊन उभी राहिली. आईने सगळं सांगितलं, भांडं, कोळसा, टॉवेल, मास्क. डॉक्टरांनी कुणी ठेवला विचारल्यावर आपण ‘मी’ म्हणालो, हेही सांगितलं. आपल्या बाजूने काहीही घातलं नाही. अनोळखी घरात, कोऱ्या कपबशा समोर असताना, ती दर वेळी हे असंच सांगते, कारण तिच्या मते तेच लागू पडतं.

‘मग कळलं कसं तुम्हाला?’ आजींनी विचारलं.

‘मला कुठे कळलं? हिला कळलं. ही बोलत नाही फारशी. त्या दिवशी बोलली.’

सगळे माझ्याकडे वळले. एरवी अशा वेळी मी फोन काढते. आजींनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, एखाद्या मोठ्या माणसाला विचारावं तसं : ‘खरंच काही वास नसतो का गं त्याला?’

‘नाही, आजी. काहीच नसतो.’ आणि मग मी थांबले नाही. कोळसा बंद खोलीत जळला की काय होतं, झोप का येते, बाळाला आधी का त्रास होतो, अलार्म कुठे लावायचा, हे सगळं मी सांगितलं, माझ्या अडखळत्या मराठीत, मधे शब्द सापडला नाही तिथे इंग्रजी घालून. आईने एकदाही मला मधे तोडलं नाही. चहा आला तो तिने माझ्यापुढे सरकवला.

आजी उठल्या, शेगडी उचलली आणि बाल्कनीचं दार पायाने ढकलून बाहेर गेल्या. गार वारा आत आला.

‘तुळस लावते हिच्यात,’ बाहेरून म्हणाल्या.

‘लावा की,’ आई म्हणाली. ‘भोकं आहेतच खाली. पाणी छान निचरेल.’